शिरोलीच्या फाउंड्रीतलं बावीस नंबरचं दार

हे प्रकरण शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं आहे. नाव देत नाही, मालकांनी लिहायला परवानगी दिली ती त्याच अटीवर. मी राजारामपुरीत राहते आणि कोल्हापुरातल्या सात-आठ लहान कारखान्यांचे, दुकानांचे सर्व्हर सांभाळते. १ जुलै २०२४ ला, सोमवारी दुपारी, ओपनएसएसएच या लांबून सर्व्हरमध्ये शिरायच्या सॉफ्टवेअरमधल्या एका मोठ्या भगदाडाची बातमी आली. तिथपासून महिनाअखेरीपर्यंत या फाउंड्रीत आम्ही काय केलं, काय चुकलं होतं आणि का, ते सगळं मांडते आहे. अशीच मांडणी असलेले निदान दहा कारखाने मी पाहिलेत, म्हणून हे लिहायची निकड वाटते.

आधी तिथे काय होतं ते सांगते. ऑफिसच्या जिन्याखाली लोखंडी कपाटात एक सर्व्हर, त्यावर लिनक्सचं उबुंटू २२.०४. भट्टीतून एक हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा एक लॉट, निघाली की तिचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जातो. कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, सल्फर, फॉस्फरस यांचे आकडे येतात आणि त्या हीट नंबरखाली जमा होतात. कास्टिंगवर तोच नंबर उमटलेला असतो. वर्ष-दोन वर्षांनी कुठेतरी ट्रॅक्टरचा भाग तुटला की गिऱ्हाईक कंपनीचा पहिला प्रश्न असतो, हीट नंबर काय? त्या नोंदी गेल्या, किंवा कुणी परक्याने त्यात हात घातला, तर फाउंड्रीकडे स्वतःची बाजू मांडायला कागदच राहत नाही. गेटजवळच्या केबिनमध्ये हजेरीसाठी आणखी एक जुनं मशीन होतं, सेंटओएस ७ या लिनक्सवर चालणारं. आणि राऊटरवर २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, सगळ्या जगाला उघडं होतं. बाहेरून कुणीही त्यावर ठोका मारला की थेट जिन्याखालच्या सर्व्हरचं एसएसएच उत्तर देत होतं.

हे पोर्ट उघडं का होतं, हा प्रश्न मी २०२२ मध्ये काम हातात घेतलं तेव्हाच विचारायला हवा होता. मी विचारला नाही. राऊटरच्या पानावर त्या नियमापुढे फक्त ‘टेम्प’ एवढंच लिहिलेलं होतं, मी ते वाचलं आणि पुढे गेले. १ जुलैच्या संध्याकाळी अण्णांना, म्हणजे मालकांना, विचारल्यावर खरं कारण कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस शहरातून कारखान्यात कुणी जाऊ शकलं नाही. तेव्हा सर्व्हर बघणाऱ्या माणसाने घरून काम करता यावं म्हणून हे पोर्ट उघडलं. पूर ओसरला. माणूस काम सोडून पुण्याला गेला. पोर्ट तसंच राहिलं.

आता भगदाडाबद्दल. एसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायची सगळ्यात भरवशाची वाट, आणि जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर त्यासाठी ओपनएसएसएच हेच सॉफ्टवेअर असतं. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी त्यात शोधलेल्या या दोषाचा नंबर सीव्हीई-२०२४-६३८७, आणि त्यांनी त्याला नाव दिलं ‘रिग्रेशन’. मुद्दाम मधली अक्षरं एसएसएच अशी जुळवून. नाव अगदी नेमकं आहे, कारण हा दोष नवा नव्हताच. २००६ मध्ये मार्क डाउड यांनी तोच दाखवून दिला होता, ४.४पी१ आवृत्तीत तो बुजवलाही गेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉग लिहिण्याची व्यवस्था नव्याने रचताना त्या जुन्या दुरुस्तीची अट असलेली एक ओळ कोडमधून निघून गेली. मार्च २०२१ च्या ८.५पी१ पासून भगदाड पुन्हा उघडं पडलं आणि ९.८पी१ येईपर्यंत उघडंच राहिलं.

ते चालतं कसं, हे मी अण्णांना स्टोअरच्या भाषेत सांगितलं होतं. तसंच इथे सांगते. कुणी बाहेरून जोडलं गेलं आणि ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांत, लॉगिन केलं नाही, तर सर्व्हरच्या आत गजर वाजतो. गजर झाला की हातातलं काम आहे तिथे टाकून प्रोग्रॅम ‘वेळ संपली’ अशी नोंद लॉगमध्ये करायला धावतो. समजा, स्टोअरकीपर रॅकवरचा माल हलवतोय. अर्धा माल जमिनीवर, अर्धा खुंटीवर, वहीत काहीच चढवलेलं नाही. अशात घंटा वाजते आणि त्याच रॅकवरून त्याला दुसरा माल काढून द्यायला लावतात. वही एक सांगते, रॅक दुसरंच दाखवतं. संगणकात हा रॅक म्हणजे मेमरी. नोंद करणारं सिसलॉगचं फंक्शन लिनक्सच्या जीलिबसीमध्ये, म्हणजे तयार फंक्शन्सच्या मूळ संग्रहात, स्वतःच मेमरी मागतं आणि सोडतं, त्यामुळे गजर नेमका मेमरीची मांडामांड अर्धवट असताना वाजला तर सगळा हिशेब बिघडतो. हल्लेखोर हा क्षण साधायचा प्रयत्न करतो. साधला, तर त्याला रूटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वाधिकारी खात्याचा, ताबा मिळतो, कारण हा भाग रूटच्याच अधिकाराने चालत असतो. पासवर्ड लागत नाही, ‘की’, म्हणजे लॉगिनची डिजिटल किल्ली, तीही लागत नाही. लॉगिनच्या आधीच सगळं होतं.

ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा दोष लागू नाही. तिथल्या लोकांनी २००१ मध्येच गजराच्या वेळी बिनधोक वापरता येईल असं सिसलॉगचं वेगळं रूप तयार केलं होतं. लिनक्सवर ते नव्हतं.

तो क्षण साधणं सोपं नाही, हेही तितकंच खरं. क्वालिसच्या चाचणीत ३२ बिटच्या मशीनवर सरासरी १०,००० प्रयत्न लागले. एका वेळी १०० जोडण्या, दर १२० सेकंदांनी, या हिशेबाने तीन ते चार तासांत वेळ साधते. त्यात जीलिबसी मेमरीत नेमकी कुठे बसली आहे याचा अंदाजही बरोबर यावा लागतो आणि तो अर्ध्याच वेळा येतो, म्हणून रूट मिळेपर्यंत सहा ते आठ तास. आमचा सर्व्हर ६४ बिटचा. त्यावर चालणारा हल्ला त्यांनी दाखवलेला नव्हता, पण तो होऊ शकेल असं त्यांचं मत होतं. माझ्या ओळखीतल्या एकाने फोनवर सांगितलं, ‘६४ बिट आहे ना, मग निवांत.’ मला ते पटलं नाही. पहिला माणूस रस्ता दाखवतो, पुढचे तो रुंद करतात. दुरुस्तीला वीस मिनिटं लागणार असताना आठवडाभर नशिबावर कशाला विसंबायचं?

दुपारी मी पहिल्यांदा माझ्याकडच्या सगळ्या सर्व्हरच्या आवृत्त्या एका कागदावर लिहून काढल्या, आणि तिथेच माझा एक समज मोडला. माझ्या मनात यादी तयार होती: जुने सर्व्हर धोक्यात, नवे सुरक्षित. प्रत्यक्षात उलटं निघालं. उबुंटू २०.०४ वर ओपनएसएसएच ८.२ आहे, त्याला हा दोष लागू नाही. २२.०४ वर ८.९, त्याला लागू. म्हणजे २०२२ मध्ये मी स्वतः फाउंड्रीचा सर्व्हर २०.०४ वरून २२.०४ वर नेला तेव्हा हे भगदाड मीच सोबत आणलं होतं. अपग्रेड करणं चूक नव्हतं, आज पुन्हा तेच करेन. पण अपग्रेड झाल्यावर लक्ष ठेवायचं संपतं, असं मी धरून चालले होते. हजेरीच्या मशीनवरच्या सेंटओएस ७ वर ओपनएसएसएच ७.४, तेही या दोषातून सुटलेलं. गंमत नाही, काळजीची गोष्ट ही की त्या सेंटओएस ७ चा आधार आदल्याच दिवशी, ३० जून २०२४ ला संपला होता. आजचा दोष त्याला नाही, उद्या जो निघेल त्याची दुरुस्ती येणार नाही. त्या मशीनसाठी वेगळी तारीख ठरवली आणि फाउंड्रीच्या सर्व्हरकडे वळले.

दुरुस्ती आपोआप का आली नव्हती? उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसतात, मुद्दाम बंद केली नसतील तर. इथे ती बंद होती. २०२३ मध्ये एका रात्री अपडेटमुळे डेटाबेस मध्येच रीस्टार्ट झाला, तिसऱ्या पाळीच्या काही नोंदी हाताने पुन्हा घालाव्या लागल्या, आणि डिस्पॅच बघणारे मामा माझ्यावर बरेच वैतागले. त्यांचं बरोबरच होतं. मी सगळीच अपडेट्स बंद करून टाकली, फक्त डेटाबेसची बंद करायला हवी होती. आणि बंद का केली, ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला अण्णांना फोन केला. ते म्हणाले, ‘ताई, असं करूया की, ते पोर्टच बंद करून टाकू.’ सूचना बरोबर होती, फक्त क्रम उलटा होता. मी घरातून त्याच पोर्टने आत होते. आधी पोर्ट बंद केलं असतं तर माझाच हात दारात अडकला असता, आणि पावसातून तावडे हॉटेलचा चौक ओलांडून शिरोलीपर्यंत जावं लागलं असतं. शिवाय ऑफिसमधून कुणाला तरी राऊटरच्या पानावर बसवून सूचना देणं मला जोखमीचं वाटलं. म्हणून आधी दुरुस्ती, मग पोर्ट.

आणखी एक मार्ग होता. ओपनएसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘लॉगिनग्रेसटाइम’ शून्य केलं की गजरच वाजत नाही, म्हणजे हल्ल्याचं मूळच जातं. पण त्याची किंमत आहे. वेळेची मर्यादा काढली की लॉगिन न करता बसून राहिलेल्या जोडण्या कधीच सुटत नाहीत. कुणी मुद्दाम शंभर जोडण्या लावून बसला की सगळ्या जागा भरल्या, मग मलाही आत जाता येणार नाही. पुरात नेमकी हीच वाट लागणार होती. उबुंटूने दुरुस्त केलेलं पॅकेज त्याच दिवशी दिलं होतं, त्यामुळे या सर्व्हरवर मी तो उपाय केला नाही. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाकडे मात्र, जिथे पॅकेज यायला वेळ होता, तिथे दोन दिवस तो ठेवला.

दुरुस्ती करताना दोन टर्मिनल उघडले. एकात काम, दुसरं नुसतं जोडलेलं, काही बिघडलं तर परतायला. ज्यांनी लांबून एसएसएच अपडेट केलं आहे त्यांना ती धडधड माहीत असेल. पॅकेज बसलं, आवृत्ती झाली १:८.९पी१-३उबुंटू०.१०. पॅकेज बसलं म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमही नवाच, असं धरून चालत नाही. जुनाच मेमरीत चालत राहू शकतो. त्यासाठी प्रोसेसच्या नंबरवरून तो कोणत्या फाइलवरून चालतोय ते बघितलं. जुना असता तर त्या फाइलपुढे ‘डिलीटेड’ असं दिसलं असतं. मुख्य प्रोसेस नवी होती. माझ्या दोन जोडण्यांच्या प्रोसेसपुढे मात्र ‘डिलीटेड’ होतं, आणि ते ठीक होतं, कारण त्या आधीच लॉगिन झालेल्या होत्या, त्यांना तो गजर उरलेला नव्हता. तिसरा टर्मिनल उघडून नव्याने लॉगिन करून पाहिलं. झालं. मग जुने दोन बंद केले. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतरचा प्रश्न जास्त अवघड: आधीच कुणी येऊन गेलं नसेल कशावरून? या हल्ल्याची खूण लॉगमध्ये उमटते, ‘टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन’ अशा ओळींचा ढीग. जानेवारीपासूनचे लॉग चाळले. अशा ओळी होत्या, पण दिवसाला पाच-सात, वेगवेगळ्या पत्त्यांवरून. उघड्या पोर्टवर यंत्रं चोवीस तास टकटक करत असतात, त्यातला हा कचरा. हल्ला असता तर काही तासांत हजारो ओळी दिसायला हव्या होत्या. एवढ्यावर मी थांबले नाही, कारण रूट मिळालेला माणूस लॉग पुसूनही जाऊ शकतो. पॅकेजच्या फाइल्स बदललेल्या नाहीत ना, हे मूळ चेकसमशी ताडून पाहिलं, नवीन युजर, लॉगिनसाठी ठेवलेल्या की, वेळेवर चालणारी कामं तपासली, आणि राऊटरवरचा रहदारीचा आलेख बघितला, जो सर्व्हरमध्ये शिरलेल्याला बदलता आला नसता. कुठेही खटकणारं काही दिसलं नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्याकडे पासवर्डने लॉगिन बंद होतं, फक्त की चालत होती. वारंवार लॉगिन चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारं फेल-टू-बॅनही बसवलेलं होतं. या दोन गोष्टींवर मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना धीर देत आले. या हल्ल्यापुढे दोन्हींचा उपयोग नव्हता. नेहमीच्या मांडणीत फेल-टू-बॅन चुकलेले लॉगिन मोजतं, आणि इथे हल्लेखोर लॉगिन करायला जातच नाही, नुसता वेळ संपायची वाट बघत बसतो. कुलूप चांगलं होतं, पण भगदाड चौकटीत होतं.

शनिवारी, ६ तारखेला, मी कारखान्यात गेले. सर्व्हरवर वायरगार्ड, म्हणजे फक्त ओळखीच्या मशीनला आत घेणारं व्हीपीएन, बसवलं, माझ्या आणि अण्णांच्या मुलाच्या लॅपटॉपवर की दिल्या, आणि मग राऊटरवरचा तो ‘टेम्प’ नियम काढला. वायरगार्डची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ओळख न पटलेल्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

काम होईतो जेवणाची सुट्टी झाली. पॅटर्न शॉपचे मिस्त्री शेजारी बसले होते, त्यांना ओपनएसएसएचची ती निघून गेलेली ओळ सांगितली. ते उठले आणि फळीवरून एक लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, काढून आणला. आतल्या कोपऱ्यात बोट फिरवून दाखवलं, तिथे गोलाई होती. म्हणाले, ‘ही मी ठेवली हुती. पोरानं नवा पॅटर्न केला तवा ड्रॉइंगात न्हाई म्हणून कोपरा चोख केला. पंधरा कास्टिंगं त्या कोपऱ्यात चिरली.’ आत टोकदार कोपरा राहिला की धातू थंड होताना तिथेच ताण साचतो आणि तो फाटतो. पोराचं काम सफाईदार होतं. गोलाई कशासाठी आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या पॅटर्नवर मिस्त्रींनी लाल रंगाने लिहिलं आहे, ‘गोलाई काढू नये, चिरतं.’

मी त्याच दुपारी सर्व्हरच्या सेटिंग फाइल्स उघडल्या आणि प्रत्येक वेगळ्या ओळीच्या वर मराठीत कारण आणि तारीख लिहिली. सुरक्षेची आपोआप अपडेट्स पुन्हा सुरू केली, फक्त डेटाबेसची पॅकेजेस वगळून. त्यावर लिहिलं: ‘डेटाबेस वगळला, कारण तिसऱ्या पाळीत रीस्टार्ट नको. हाताने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.’

दहा तारखेनंतर एक वेगळाच फाटा फुटला. गिऱ्हाईक कंपनीने आपल्या सगळ्या पुरवठादारांचं बाहेरून स्कॅन केलं होतं, आमचं ३ तारखेला, म्हणजे पोर्ट अजून उघडं असताना. अहवालात लाल अक्षरांत आलं, ओपनएसएसएच ८.९, धोकादायक, तातडीने ९.८ वर जा. मामा घाबरले, ऑर्डर अडकेल म्हणून. कुणीतरी त्यांना ९.८ चा सोर्स उतरवून बसवून घ्या असंही सुचवलं होतं. मी ठाम नकार दिला. उबुंटू, डेबियन यांच्यासारखे लोक जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती आणून बसवतात, त्यामुळे पुढचा आकडा ८.९ च राहतो आणि मागचा बदलतो. स्कॅनरने पुढचाच वाचला होता. आणि हाताने बसवलेल्या ९.८ ला पुढची दुरुस्ती कोण देणार? ती पुन्हा कुणालातरी लक्षात ठेवून हातानेच करावी लागणार. मी कंपनीला उबुंटूची सूचना यूएसएन-६८५९-१, सर्व्हरवरच्या पॅकेजची पूर्ण आवृत्ती आणि पोर्ट आता बंद असल्याचं पत्र पाठवलं. चार दिवसांनी त्यांनी तो मुद्दा मिटवला.

हजेरीचं मशीन वीस तारखेला बदललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, डेटा नेला, चालू झालं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस थांबेना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. महामार्ग राहतो की जातो, हे त्या रात्री कुणीच सांगू शकत नव्हतं. साडेदहाला मामांचा फोन आला. पुण्याकडे निघालेली गाडी अडकायच्या आत पुढे काढायची होती आणि एका हीटचं टेस्ट सर्टिफिकेट राहिलं होतं. ‘ताई, घरनं निघतंय काय बघा की.’ मी वायरगार्ड लावलं, आत गेले, हीट नंबर टाकला. कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, सगळे आकडे जागेवर होते. सर्टिफिकेट काढून त्यांच्या फोनवर पाठवलं. बाहेर पडण्याआधी सवयीने लॉग बघितला. ६ तारखेनंतर बाहेरच्या एकाही पत्त्यावरून ठोका नव्हता, शेवटच्या सगळ्या नोंदी आमच्या दोघांच्याच होत्या.